लॅपटॉपच्या कुईकुईचा माग

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. संध्याकाळी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतो आणि रात्री दुसऱ्या दिवसाच्या पाठाचे ध्वनिमुद्रण करून ठेवतो. एप्रिलमध्ये नवा लॅपटॉप घेतला, तेव्हा उन्हाळ्यामुळे पंखा दिवसरात्र चालू असल्याने लॅपटॉपचा वेगळा असा आवाज जाणवला नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला, पंखे बंद झाले आणि १३ जूनच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तुमच्याकडे डास आहेत का? मागे सारखं चीं चीं वाजतंय." त्या रात्री मी मुद्रण ऐकले, तेव्हा डासाचा नव्हे, पण तशाच जातीचा एक बारीक सूर प्रत्येक वाक्यामागे चिकटलेला आढळला.

घरात यावर एकमत होईना. नववीतल्या मुलाला तो सूर पॅसेजमधूनही ऐकू येत होता, मला टेबलाशी बसल्यावर येत होता, पत्नीला कधी येई कधी नाही, आणि वडिलांना तर लॅपटॉपला कान लावूनही काही कळेना. यात नवल नव्हते. निरोगी तरुण कानाची मर्यादा साधारण २० ते २०,००० हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपने) धरली जाते आणि वय वाढते तसतशी वरच्या पट्टीची श्रवणशक्ती आधी कमी होते. तरीही "तुलाच काहीतरी होतंय" असे रोज ऐकावे लागले की माणूस खरोखर स्वतःच्या कानांवर संशय घेऊ लागतो. कानातच आवाज येण्याचा विकार असतो हे माहीत असल्याने मी आधी तेवढी खातरजमा केली. लॅपटॉप बंद करून दार लोटून दुसऱ्या खोलीत बसलो, तर आवाज थांबला. परत येऊन यंत्र सुरू केले, तर तो पुन्हा सुरू झाला. शिवाय मुद्रणातही तो होताच. ज्यांना अशी शंका येत असेल त्यांनी प्रथम एवढे करावे, म्हणजे पुढचे वाद टळतात.

यानंतर मी एक प्रश्न समोर ठेवला आणि पुढच्या सगळ्या शोधात तोच उपयोगी पडला: हा आवाज हवेतून येतो आहे की तारेतून? खोलीत प्रत्यक्ष वाजणारा सूर माइक उचलतो, हा एक प्रकार. खोली पूर्ण शांत असताना विजेच्या किंवा यूएसबीच्या तारेतून गोंगाट आत शिरतो आणि तो फक्त मुद्रणात किंवा स्पीकरमध्ये ऐकू येतो, हा दुसरा. दोन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत, आणि दुकानदारांपासून सेवा केंद्रापर्यंत बहुतेकांनी मला ते एकच समजून सल्ले दिले.

हे ओळखण्याची युक्ती अगदी घरगुती होती. माइक गोधडीत चांगला गुंडाळला आणि मुद्रण केले. गोधडीमुळे जे सूर दबले ते हवेतले, आणि जे तसेच्या तसे राहिले ते तारेतले. मुद्रण उघडून पाहिले तर दोन्ही प्रकारचे सूर हजर होते. म्हणजे मी एका आवाजाच्या मागे लागलो होतो आणि निघाली एक टोळी.

रात्री अकरानंतर रस्त्यावरची वर्दळ थांबली की मी शोधाला बसत असे. फ्रिज तेवढ्यापुरता बंद ठेवायचा, ट्यूबलाइट, राउटर, सेट-टॉप बॉक्स, मोबाइलचे चार्जर, सगळे प्लग काढायचे आणि मग एकेक वस्तू परत जोडायची. जुन्या दिनदर्शिकेचे जाड पान गुंडाळून केलेली नळी कानाला लावली, की आवाज नेमका कुठून येतो ते बोटभर अंतरापर्यंत कळते. मोबाइलवर स्पेक्ट्रॉइड नावाचे मोफत अ‍ॅप घेतले, ज्यात प्रत्येक सुराची वारंवारता आलेखावर दिसते. कानाला नुसते "चीं" ऐकू येते. आलेखावर मात्र ९,००० हर्ट्झच्या आसपासची एक रेषा आणि तिच्याहून वेगळी, हलणारी दुसरी रेषा स्पष्ट दिसत होती. वहीत वेळ, काय जोडले होते, बॅटरी किती टक्के होती आणि रेषा कुठे दिसली, अशी नोंद ठेवत गेलो. ही वही पुढे सेवा केंद्रात माझ्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडली.

सर्वांत आधी सापडला तो अ‍ॅडाप्टर. लॅपटॉपसोबत आलेला नव्हे, तर टेबलाशी कायमचा ठेवण्यासाठी मी स्वस्तात घेतलेला दुसरा. ९,००० हर्ट्झची स्थिर रेषा त्याचीच होती. गंमत अशी की बॅटरी चाळीस टक्क्यांवर असताना तो गप्प असे आणि शंभर टक्के भरली की शिट्टी सुरू करी. हे उलटे वाटते, पण त्यामागे कारण आहे. असे अ‍ॅडाप्टर आतला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात आणि ही गती सहसा २०,००० हर्ट्झच्या वर, म्हणजे आपल्या कानाच्या पलीकडे ठेवलेली असते. भार अगदी कमी झाला, की वीज वाचवण्यासाठी ते थोडे चालून थोडे थांबतात, आणि या थांबण्या-चालण्याची लय मात्र कानाच्या टप्प्यात उतरते. आतल्या ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी नीट चिकटवलेली नसेल तर ती त्या लयीत थरथरते.

नवा अ‍ॅडाप्टर घ्यायला २१ जूनला महात्मा गांधी रोडवर गेलो. जुन्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी-खूण नव्हतीच. लॅपटॉपच्या अ‍ॅडाप्टरना ही नोंदणी सक्तीची आहे. खुणेसोबत 'आर' या अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो आणि ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो घातला की उत्पादकाचे नाव आणि वस्तू दिसते. मी दुकानातच उभा राहून क्रमांक तपासू लागलो, तेव्हा दुकानदार म्हणाले, "सर, दोन्हीतून चार्जिंग सारखंच होतं, कशाला हजार रुपये जास्त घालवताय?" मी १,८५० रुपये मोजले आणि आवाज आल्यास सात दिवसांत बदलून देण्याचे बिलावर लिहून घेतले. दुकानाच्या गलबल्यात अशा आवाजाची परीक्षा होऊच शकत नाही, त्यामुळे ही ओळ लिहून घेणे फार गरजेचे आहे. घरी आल्यावर बॅटरी पूर्ण भरून, दिवे मालवून ऐकले. ती रेषा गेली होती. वडिलांनी विचारले, "गेला का तुझा डास?" एक गेला होता.

तारेतल्या आवाजांपैकी पहिला यूएसबी हबमधून (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीतून) येत होता. माइक, माउस आणि गणित लिहिण्याची पाटी ही तिन्ही एकाच हबला लावलेली होती. मुद्रणात १,००० हर्ट्झवर एक रेषा आणि २,००० व ३,००० वर तिच्या फिकट भावंडांची रांग दिसत होती. गोधडीने त्यांच्यात तसूभर फरक पडत नव्हता. इतका नेमका आकडा पाहूनच कारण लक्षात यायला हवे: यूएसबीवरील साध्या गतीच्या उपकरणांशी संगणक दर एक मिलिसेकंदाला संवाद साधतो, म्हणजे सेकंदाला बरोबर हजार वेळा. जलद गतीच्या उपकरणांसाठी हाच ठोका १२५ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणून त्यांचा गोंगाट ८,००० हर्ट्झवर दिसू शकतो. या ठोक्यांबरोबर हबच्या पाच व्होल्टच्या पुरवठ्यात बारीक चढउतार होतात आणि माइकमधील संवेदनशील भाग ते आवाज समजून उचलतो. माइक हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावला आणि केबल लांबलचक होती ती बदलून आखूड घेतली, १८० रुपयांत. रेषा जवळजवळ पुसली गेली. केबलवर चढवायचा फेराइटचा मणी अनेकांनी सुचवला होता, पण तो मुख्यतः मेगाहर्ट्झच्या, म्हणजे लाखो हर्ट्झच्या, टप्प्यातला गोंगाट अडवतो. हजार हर्ट्झच्या सुरापुढे त्याचा फारसा उपयोग नाही, म्हणून त्यावर पैसे घातले नाहीत.

दुसरा तारेतला आवाज खर्जातला होता, घूंऽऽ असा, आणि तो फक्त चार्जर जोडलेला असतानाच येई. त्याच वेळी लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून मनगट फिरवले की झिणझिण्या येत. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने आलेखावर ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर उंचवटे दिसले की संशय थेट अर्थिंगवर घ्यावा. आमची इमारत जुनी आहे. २९ जूनला, रविवारी, पाथर्डी फाट्याहून इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी मल्टिमीटर लावला: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३४ व्होल्ट, हे ठीक; पण फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच यायला हवे होते, तिथे आले ११८, आणि न्यूट्रल-अर्थमध्येही शंभरच्या वर. जिथे दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त असू नये तिथे शंभर, याचा अर्थ अर्थची पिन कशालाच जोडलेली नव्हती. अ‍ॅडाप्टरच्या आत गोंगाट गाळण्यासाठी बसवलेल्या कपॅसिटरांमधून (विजेचा भार साठवणाऱ्या छोट्या भागांमधून) अगदी थोडा प्रवाह धातूच्या अंगावर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर आपल्या मनगटात आणि माइकमध्ये. बोर्ड उघडल्यावर ते म्हणाले, "साहेब, हिरवी वायर बोर्डापर्यंत आणलीय आणि नुसतीच सोडून दिलीय. बिल्डिंग झाली तेव्हापासून अशीच असणार."

त्यांनी वायर जोडली, टेबलाजवळचे दोन्ही सॉकेट बदलले, खाली जाऊन अर्थिंगचा खड्डा पाहिला आणि सामानासह ६५० रुपये घेतले. न्यूट्रल-अर्थ आता २ व्होल्ट दाखवू लागले. पावसाळ्यात जमीन ओली असल्याने अर्थिंग चांगलेच दिसते, तेव्हा एप्रिल-मेमध्ये पुन्हा मोजून घ्या आणि खड्ड्यात अधूनमधून पाणी टाका, असे त्यांनी सोसायटीच्या सचिवांनाही सांगितले. हे काम स्वतः करू नये. याच घूं आवाजावर "तीन पिनांतली जाड पिन काढून टाका" हा सल्ला सर्रास दिला जातो; त्याने आवाज कधी कधी खरेच जातो, पण यंत्रात बिघाड झाला तर धक्क्यापासून वाचवणारी वाटच बंद होते. मॉनिटर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेणे हा यावरचा बिनधोक उपाय आहे आणि मी तो केला.

राहिली ती हलणारी रेषा, आणि तीच सर्वांत चिवट होती. कागदी नळी कळफलकाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, एस्केप बटणाच्या किंचित खाली आली की आवाज भरून येई. पडद्यावरचे पान वरखाली सरकवले की सूर चढे-उतरे, माउस हलवला तरी कुरकुर होई, आणि मोठा व्हिडिओ तयार करायला लावला की सूर पूर्ण बदलून खरखरीत होई. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागात छोट्या कॉइल (तारेची वेटोळी) आणि सिरॅमिक कपॅसिटर असतात. कॉइलमधला प्रवाह बदलला की चुंबकीय बलाने ती सूक्ष्म कंप पावते. या कपॅसिटरमधील द्रव्य तर विजेच्या दाबाबरोबर आकारच बदलते आणि खालच्या बोर्डाला थरथरवते. प्रोसेसर रिकामा असताना क्षणाक्षणाला झोपतो आणि उठतो, त्यामुळे काम कमी असताना हा आवाज उलट जास्त छळतो.

तात्पुरता उपाय म्हणून विंडोजच्या वीजविषयक प्रगत सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के केले. एवढ्याने प्रोसेसरची टर्बो, म्हणजे गरजेपुरती वाढवलेली, गती बंद होते. आवाज निम्म्यावर आला, पण पाठांचे व्हिडिओ तयार व्हायला बराच जास्त वेळ लागू लागला. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसतच नाही, हेही सांगून ठेवतो. महात्मा गांधी रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्यांनी १,२०० रुपयांत कॉइलवर गोंद भरून देण्याची तयारी दाखवली. कंपन दाबण्याची ही पद्धत चुकीची नाही, पण वॉरंटी चालू असताना यंत्र उघडू देणे मला शहाणपणाचे वाटले नाही.

८ जुलैला कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. टोकन घेऊन तासाभराने नंबर लागला. काउंटरवर जॉबशीटवर नुसते "नॉइज इश्यू" लिहिले जात होते, ते मी थांबवले. तेवढेच लिहिले तर तो पंख्याचा आवाज समजला जातो. "पंखा बंद असताना, पान सरकवताना कळफलकाच्या डाव्या वरच्या भागातून उंच सूर" असे लिहून घेतले. तरीही १२ जुलैला लॅपटॉप परत मिळाला तो "पंखा स्वच्छ केला, दोष आढळला नाही" या शेऱ्यासह. ज्या हॉलमध्ये एसी, प्रिंटर आणि वीसेक माणसे बोलत होती, तिथे दोष आढळणारच नव्हता. तेथील तरुण अभियंता सौजन्याने म्हणाला, "सर, हे नॉर्मल आहे, सगळ्यांमध्ये येतं." त्या दिवशी मी खरोखर चिडलो होतो, पण शेऱ्याची प्रत मागून घेतली, कारण पुढे सगळे त्या कागदावरच चालते.

कंपनीला ईमेल केला. सोबत मुद्रण, आलेखाची छायाचित्रे आणि वहीतल्या नोंदी जोडल्या. उत्तर आले की आवाज स्वीकार्य मर्यादेत आहे. ती मर्यादा किती, कोणत्या अंतरावरून आणि कशाने मोजली, एवढेच मी लेखी विचारले. त्याला उत्तर आले नाही. १८ जुलैला राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता आले, आणि तक्रारीचा क्रमांक मोबाइलवर आला. ही मदतवाहिनी निवाडा करत नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तराचा पाठपुरावा करते. तेवढ्यानेही भागले नसते तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची माझी तयारी होती. तिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ती वेळ आली नाही.

२४ जुलैला सेवा केंद्रातूनच फोन आला. या वेळी एका वरिष्ठ अभियंत्यांनी मागच्या खोलीत नेले, एसी बंद केला आणि माझी कागदी नळी मागून घेतली. डाव्या कोपऱ्यावर येताच त्यांनी मान वर करून विचारले, "हाच ना?" इतक्या दिवसांनी दुसऱ्या कोणाला तरी तो आवाज ऐकू आला, याचे मला झालेले समाधान आता थोडे हास्यास्पद वाटते. मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, वॉरंटीत बदलायचे ठरले. सुटा भाग बाहेरून यायचा होता. "दोन-तीन दिवसांत" असे रोज ऐकता ऐकता ११ ऑगस्ट उजाडला. तोवर लॅपटॉप माझ्याकडेच ठेवू दिला, ही एक सोय झाली. बोर्ड येण्यापूर्वीच यंत्र जमा करायला सांगितले तर नम्रपणे नकार द्यावा.

मदरबोर्ड बदलताना दोन गोष्टी आधीच कराव्यात. पहिली, सगळ्या माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. दुसरी, डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्यावी. सुरक्षेची चिप जुन्या बोर्डाबरोबर जाते आणि नव्या बोर्डावर यंत्र प्रथम सुरू होताच तीच की मागितली जाते. १३ ऑगस्टला माझ्या शेजारी बसलेल्या एका महाविद्यालयीन मुलाकडे ती नव्हती, आणि त्याचा चेहरा पाहवत नव्हता. यंत्र ताब्यात घेताना नव्या बोर्डात जुनाच अनुक्रमांक भरला आहे ना, हे बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत) पाहावे, अन्यथा पुढे वॉरंटी जुळत नाही. जॉबशीटवर बोर्डाची किंमत ३४,००० रुपये होती. मला शून्य भरावे लागले.

आवाज संपूर्ण गेला का? नाही. नळी लावली तर अजून ऐकू येतो, नुसत्या कानाने हातभर अंतरावरून येत नाही आणि मुद्रणात आवाजाखाली दबून जातो. प्रोसेसर पुन्हा १०० टक्क्यांवर ठेवला आहे. पडद्याची उजळी अगदी कमी केली की एक बारीक किणकिण येते, कारण काही पडद्यांची उजळी मागचा दिवा वेगाने चालू-बंद करून कमी केली जाते. ती निम्म्याच्या वर ठेवली की थांबते, म्हणून त्यासाठी पुन्हा सेवा केंद्राची पायरी चढलो नाही.

आता त्रास उरला आहे तो वीज गेल्यावर. घरातला जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी लहरीची वीज देणारा आहे. त्यावर पंखा गुरगुरतो आणि नवा अ‍ॅडाप्टरही भणभणतो. शेजाऱ्यांच्या प्युअर साइन वेव्ह (गुळगुळीत लहरीच्या) इन्व्हर्टरवर तोच अ‍ॅडाप्टर लावून पाहिला, तर गप्प होता. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी पुढच्या उन्हाळ्यात बदलावी लागणार आहे, तेव्हा इन्व्हर्टरही बदलू. तोवर वीज गेली की चार्जर काढून लॅपटॉपच्या बॅटरीवर पाठ पूर्ण करतो.